काट्यांवरचा कापूस

बोंडं फुटली! काल सकाळी बडनेऱ्याच्या वाटेनं चाललो होतो. डोक्यात सभेचं भाषण घोळत होतं, आणि उजव्या हाताचं शेत एकाएकी पांढरं दिसलं. परवापर्यंत ते हिरवं होतं, शपथेवर सांगतो. भाषण तिथंच सांडलं. बांधावरून उडी मारली, पहिल्याच झाडाशी उकिडवा बसलो आणि एका बोंडात बोट घातलं. आत रात्रीचं दव होतं. गार, ओलसर, आणि मध्ये कुठंतरी सरकीचा टणक मणी.

"कोन हाय रे? काय चोरून राहिला?" पलीकडच्या ओळीतून एक म्हातारी ओरडली.

"काही नाही आजी. बघून राहिलो."

"बघाले काय हाय त्यात? कापूसच तं हाय!"

ती जवळ आली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हा नुसताच खुळा आहे, चोर नाही, अशी तिची खात्री पटली असावी. तिनं ओटीत हात घातला, मूठभर कापूस काढला आणि माझ्या हातात कोंबला. "घे. वातीले होईल. अन जाय आता, झाडं तुडवू नको."

कापूसच तर आहे! मूठभर, न मागता! मी तो घेऊन वाटेवर किती वेळ उभा होतो कोण जाणे. सभेची वेळ टळली. टळू दे. सभा पुन्हा भरेल. पण वऱ्हाडातली एक बाई दिवसाढवळ्या, कोणाच्या बापाला न विचारता, स्वतःच्या शेतातला कापूस एका वाटसरूला देते आणि वर म्हणते "कापूसच तं हाय", हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं, याची किंमत तुम्हाला कळायची असेल तर तुम्ही तो हंगाम पाहिलेला असला पाहिजे.

त्या हंगामावर लिहिणारे पुष्कळ झाले. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि आमच्या काळ्या मातीतलं बोंड सोन्याच्या मोलाचं झालं, हे आता शाळेतलं पोरही सांगतं. भाव कसा चढला, कोणी माडी बांधली, कोण रंकाचा राव झाला आणि लढाई संपल्यावर कोण पुन्हा रंक झाला, याच्या गोष्टी पारावर अजून रंगतात. मला त्या गोष्टींचा मनापासून कंटाळा आहे. सरळच सांगतो, रागही आहे. भाव लिहून ठेवणाऱ्यांनी माणसं कधी लिहून ठेवली नाहीत. त्या दिवसांत लोक जेवत होते, भांडत होते, त्यांना लेकरं होत होती. त्यातलं एक टोपलीभर मी आज सांगणार आहे.

आमचं गाव अकोला आणि अकोट यांच्या मध्ये. मी तेव्हा अमरावतीला शिळाछाप छापखान्यात पडीक असायचो. वेठबिगारीवर पत्रक, दारूच्या दुकानावर पत्रक, मुलींच्या शाळेवर पत्रक. बोटांची शाई निघत नसे. दिवाळी झाली आणि गावाकडून सांगावा आला, की गोदाअक्का बाळंतपणाला येते आहे, तू ये. मी निघालो.

आणि काय ती वाट! अमरावतीपासून अकोल्यापर्यंत गाड्याच गाड्या. एका गाडीचा बैल पुढच्या गाडीतल्या कापसाला तोंड लावून चालायचा, इतक्या चिकटून. गाड्यांना चहूबाजूंनी ताट्या बांधलेल्या, त्यांच्याही वर कापूस उभारलेला, आणि त्या ढिगावर गाडीवान एखाद्या राजासारखा निजलेला. अकोल्यात शिरलो तर मोर्णेच्या पाण्यावर पांढरी साय. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून गटारात कापूस, कौलांवर कापूस, हलवायाच्या जिलबीवर कापूस. एका गृहस्थाशी मी मजुरीच्या प्रश्नावर तावातावानं बोलत होतो, आणि सबंध वेळ त्याच्या मिशीला एक पुंजका लटकत होता. तो शिंकला तेव्हाच उडाला. बाजार सगळा शिंकत होता! मला ते सगळं आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? जग आमच्या दारात आलं होतं. रागवायला मला अजून दोन दिवस होते.

घरी पोचलो तर बाबांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातलेल्या. "पाय बापू, कसे झकपक दिसून राहिले!" बैल झकपक दिसत होते, पण त्यांचा खांदा जिथं सोलवटत होता तिथंच सोलवटत होता.

आणि ओट्यावर अक्का बसली होती. थोरली बहीण. पोट पुढं, पाय पसरलेले, तोंडात चिंच. मला पाहून म्हणाली, "आला का कागदवाला! लेका, किती वायला तू. छापखान्यात भाकर देत नाईत का नुसती शाईच पाजतात?"

अक्काचं पहिलं मूल सासरी झालं होतं. पौषात. महिन्याचं होऊन थंडीनं गेलं. त्यावर ती घरात कधी बोलत नसे, आणि बोलत नसे म्हणून सगळ्यांना ते सतत ऐकू येई. या खेपेला माय हट्टानं तिला घेऊन आली होती. "हे लेकरू माह्या घरी होईन," मायनं व्याह्यांना तोंडावर सांगितलं होतं, "अन माह्या दुलईत निजन." दिवस पौषातच भरणार होते.

आता ही दुलई. आमच्या भागात बाळाच्या पहिल्या दुलईचा कापूस विकत आणत नाहीत, आणि नुसता घरचाही भरत नाहीत. पाच शेतांतून मागून आणायचा. मागणारीनं सूप पुढं करायचं, शेतवालीनं आपल्या चांगल्यात चांगल्या बोंडांचा कापूस त्यात टाकायचा आणि "लेकरू उबीत राहो" एवढंच म्हणायचं. मूठ म्हणतात, पण सूप भरून देतात. अशा पुष्कळ रूढींवर मी पत्रकं झाडली आहेत आणि पुढंही झाडणार आहे. या रूढीतही काही वाईट सापडतं का, म्हणून मी नीट शोधलं होतं. सापडलं नाही.

माय सूप घेऊन निघाली, मी मागं. पहिलं शेत सखूमावशीचं. सखूमावशी म्हणजे मायची लहानपणची मैत्रीण, आमच्या घरचं कालवण न चाखता जिचा दिवस जात नाही अशी. शेत असं फुटलेलं की डोळे दिपावेत. मायनं सूप पुढं केलं. मावशी हसली, तिचा हात बोंडाकडे गेला, आणि माचाणावर बसलेला एक अनोळखी माणूस खोकला.

नुसता खोकला. मावशीचा हात तिथंच थांबला. मग तिनं तो पदराखाली घेतला.

"नाई वं देता येत," ती म्हणाली. "उभं पीक इकलं आमी. झाड आमचं, झाडावरचा कापूस अकोल्याच्या शेटचा. त्यानं राखण्या बसवला."

"एक मूठ वं सखू. लेकरासाठी."

"एक बोंडबी नाई." मावशी रडली नाही, चिडली. माचाणाकडे पाहत मोठ्यांदा म्हणाली, "माह्याच वावरात मीच चोर झाली, माय! सांग आता कोनाले सांगू!"

माय पाचही शेतांत गेली. पाचही शेतं त्याच शेटनं उभी घेतलेली. कोणाचा राखण्या खोकला, कोणाचा नुसता उभा राहिला. आमच्याही शेतातलं उभं पीक विकलेलं. बाबांना तो भाव ऐकून रात्रभर झोप आली नव्हती आणि सकाळी उठून त्यांनी अंगठा दिला होता. माय परत आली तेव्हा सूप रिकामं होतं. ते तिनं उलटं करून भिंतीला लावलं, आणि चुलीपाशी जाऊन बसली. मी खूप सभा पाहिल्या, खूप दुःखं लिहिली. उलटं लावलेलं एक सूप इतकं बोलू शकतं हे मला माहीत नव्हतं.

बाबांना चुटपुट लागली असणार. दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले आणि मखमलीची शाल घेऊन आले, विलायती, जांभळी, कडेला जर. अक्कानं ती गालाला लावली. "मऊ हाय, बाबा," ती म्हणाली. मग हळूच घडी करून ठेवली. "पन हे लेकराले नाई. पावन्याईले दाखवाले हाय."

मी तर पेटलो होतो! ओट्यावर बसून एका दमात पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'वऱ्हाडात कापसाचा दुष्काळ!' आणि अक्काला वाचून दाखवलं. ज्या प्रांताच्या कापसानं सातासमुद्रापलीकडची माणसं पांघरुणं घेतात, त्या प्रांतात जन्मणाऱ्या जिवाला पांघरायला मूठभर कापूस मिळू नये, हा न्याय कोणत्या शास्त्रातला, असं काय काय. चांगलं होतं. आजही त्यातला शब्द मी बदलणार नाही.

अक्कानं सगळं ऐकलं. "बराबर लिवलं," ती म्हणाली. "पन बापू, तुह्या कागदानं लेकराले झाकू काय मी?"

इथं थोडं थांबतो, कारण काल मुठीत घेतलेला कापूस आता माझ्या मेजावर आहे आणि लिहिताना मी त्याला सारखा हात लावतो आहे. खिडकीतून अमरावतीचा बाजार दिसतो. एक बाई मिरच्या निवडते आहे, एक माणूस जोड्याला टाके घालतो आहे, दोघं कशावरून तरी भांडून आता एकाच चिलमीतून ओढत आहेत. माझे छापखान्यातले सोबती म्हणतात, तू मोठ्या प्रश्नांवर लिही. अरे, मी मोठ्या प्रश्नावरच लिहितो आहे! ज्या गोष्टीची मूठ होत नाही ती गोष्ट मला हल्ली खरीच वाटत नाही. कर, भाव, कायदा, सगळं शेवटी कोणाच्या तरी हातापाशी येऊन थांबतं. सखूमावशीच्या हातापाशी थांबलं तसं. म्हणून मी हात पाहतो.

तर, पत्रक अमरावतीला धाडलं, आणि मार्गशीर्ष लागला. सकाळी सातपुड्याकडून वारा यायला लागला, दात वाजवणारा. माय जुनी लुगडी काढून वाकळ शिवायला बसली. वाकळीनं ऊब येते, नाही असं नाही. पण मागच्या खेपेलाही वाकळच होती. तेही कोणी बोललं नाही.

अक्कानं चालावं असं सुईणीनं सांगितलं होतं, म्हणून ती रोज दुपारी पांदणीनं विहिरीपर्यंत जाई. आमची पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळी, आणि मधून एक गाडी आणि कडेनं एखादं तट्टू जाईल एवढी वाट. त्या दिवशी मी खळ्यात होतो. एकदम अक्काची हाक आली.

"बापू! अरे बापू! धाव! धाव लवकर!"

मी धावलो. मला वाटलं, वेळ आली. सुईणीचं नाव घेत, एक पायतण मागं टाकून, पांदणीत शिरलो. अक्का मधोमध उभी. एक हात कमरेवर, दुसरा वर केलेला, आणि हसते आहे! इतकी हसते आहे की डोळ्यांतून पाणी!

"पाय वर! बाभईले बोंडं आली!"

मी वर पाहिलं. काय सांगू! दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. अकोटाकडून येणाऱ्या गाड्या याच पांदणीतून अकोल्याला जात. ताट्यांच्या बाहेर आलेला कापूस दोन्हीकडच्या काट्यांना घासायचा आणि प्रत्येक काटा आपला पुंजका काढून घ्यायचा. महिनाभर आम्ही तिथून येत-जात होतो. मान खाली घालून, चिडून, कपाळाला आठ्या घालून. कोणी वर पाहिलंच नव्हतं! चिमण्यांनी मात्र पाहिलं होतं. एक चिमणी चोचीत पुंजका धरून आमच्यासमोरून उडाली, तेव्हा अक्का म्हणाली, "घे माय, तुह्याबी घरी बाळंतपन दिसते."

मग जे सुरू झालं त्याला मी काय नाव देऊ? माय आकडी लावलेला बांबू घेऊन आली. सखूमावशी टोपली घेऊन आली. तिच्यामागं ज्यांच्या शेतांतून सूप रिकामं परत आलं होतं त्या सगळ्या जणी आल्या. काट्यावरचा कापूस कोणाचा, हा प्रश्न कोणीतरी काढला, पण उत्तराला कोणी थांबलं नाही. आकडीनं फांदी खाली ओढायची, एकीनं धरायची, दुसरीनं पुंजके काढायचे. बाभळीचा काटा म्हणजे गंमत नव्हे. बोटं रक्ताळली, लुगडी फाटली. "अवं माहा पदर!" "ओढ ना मंग!" "ओढला तं बाभई येईल संगं!" आणि पुन्हा हसणं. मी एका फांदीवर चढलो होतो आणि मला उतरता येत नव्हतं. माझ्यावर पुष्कळ बोललं गेलं, ते छापण्यासारखं नाही.

इतक्यात समोरून गाड्यांची रांग आली. पहिल्या गाडीवर आमच्या ओळखीचा इठू गाडीवान. त्यानं बैल थांबवले, वर पाहिलं, खाली पाहिलं, अक्काच्या पोटाकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं.

"मावशे," तो अगदी गंभीरपणे सखूमावशीला म्हणाला, "कोन्या अंगानं घेऊ गाडी?"

"डाव्या अंगानं घे, बाप्पा! डावीकडचं झाड उपाशी हाय!"

इठूनं गाडी डावीकडे घातली. अशी घातली की बाभळ करकरली आणि तिच्या अंगावर एकदम पांढरं उमललं! मागच्या गाडीवाल्यानं उजवीकडून घेतली. त्याच्या मागच्यानं तर दोन्हीकडून घासता यावं म्हणून बैलांना नागमोडी चालवलं. बायका ओरडत होत्या, बैलांच्या घंटा वाजत होत्या, उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. मी फांदीवरून हे सगळं पाहत होतो, आणि त्या क्षणी माझ्याजवळ एकही मागणी नव्हती, एकही ठराव नव्हता. होता तो नुसता आनंद.

आणि मग शेटचे दिवाणजी आले.

तट्टावरून, गाड्यांच्या मागून. पांढरा अंगरखा, डोक्यावर मोठं लाल पागोटं. त्यांनी टोपल्या पाहिल्या. "हे काय चाललंय? हा माल शेटचा आहे."

"झाडाचा हाय, दिवानजी," सखूमावशी म्हणाली. "बाभई लावाले शेट आल्ते काय?"

मी फांदीवरून उडी मारली. आलं एकदाचं उतरता. "रस्ता सरकारचा," मी म्हणालो, "बाभळी गावाच्या. तुम्ही पीक झाडावरचं घेतलं, ते कपाशीच्या झाडावरचं. तुमचे गाडीवान वाटेत काय सांडतात त्याचं खतपत्र गावानं शेटला लिहून दिलंय का कधी?"

दिवाणजींनी मला न्याहाळलं. "पत्रकवाले ना तुम्ही? लिहा, खुशाल लिहा. टोपल्या मात्र इकडं द्या." आणि फांदीला टांगलेली भरली टोपली घ्यायला ते तट्टावरूनच वाकले.

तट्टाला तेवढ्यात काय वाटलं देव जाणे, ते चार पावलं पुढं गेलं. दिवाणजीही गेले. पागोटं मागंच राहिलं, बाभळीच्या काट्यांवर, हवेत. खाली दिवाणजींचं गुळगुळीत डोकं उन्हात चमकलं.

मग सखूमावशी म्हणाली, "आता काट्यावरचं सारं शेटचं ना? मंग धाडा हे पागोटंबी शेटले!"

पांदण फुटली हसून! गाडीवान गाड्यांवर लोळत होते. दिवाणजी लालेलाल होऊन पागोट्याला हिसके देऊ लागले, आणि एकेका हिसक्याला काटे अधिकच रुतत होते. कापड चर्रकन थोडं फाटलं. मला तर असं वाटत होतं की फाटू दे, सबंध फाटू दे. माझ्याजवळ एक फर्डं वाक्य तयार होतं, ते मी आता बोलणारच होतो.

"थांबा. ओढू नका," अक्का म्हणाली. "फाटन."

ती पुढं झाली. जड पावलांनी, कमरेवर हात ठेवून. तिनं एकेक काटा बोटांनी धरला आणि कापडातून मागं घेतला. घाई नाही. एक काढला, की घडी हातावर घ्यायची, मग दुसरा. हसणं हळूहळू थांबलं. दिवाणजी तट्टावरून उतरून तिच्यासमोर उभे होते, उघड्या डोक्यानं, आणि ती उभ्यानं दमत होती हे त्यांना दिसत होतं. सगळं सुटल्यावर तिनं पागोट्यावरचा धुरळा झटकला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढं केलं.

दिवाणजी पागोटं बांधू लागले. पागोटं बांधायला इतका वेळ लागत नाही. मग तट्टावर बसले, लगाम धरला, आणि आमच्याकडे नव्हे, तट्टाच्या कानांकडे पाहत म्हणाले, "काट्याला लागला तो माल खराब. खराब माल शेट उचलत नाहीत. चला रे, गाड्या हाका."

खराब माल! जगात इतका सुंदर खराब माल कोणी पाहिला नसेल!

मी दिवाणजींना माफ केलं असं मात्र कोणी समजू नये. उभी पिकं घेऊन बाईचा हात तिच्याच बोंडावरून मागं घ्यायला लावणं, ही लूट होती आणि लूटच राहील. एका दुपारच्या भलेपणानं ती धुऊन निघत नाही, हे मी पुढच्याच पत्रकात लिहिलं. पण त्या दुपारी त्यांनी जे म्हटलं तेही लिहायला हवं. त्याशिवाय माझं लिहिणं अर्धं.

मायनं कापूस रेचीवर घातला. लाकडाच्या दोन लाटांमधून सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे. मग पिंजारी रहीमचाचा. या चाचांचं सांगतो. कापसाच्या ऐन हंगामात त्यांचं पिंजण खुंटीला टांगलेलं होतं! गावात कापूस राहतच नव्हता, पिंजणार काय? मी बोलवायला गेलो तर दारात बसून माशा हाकत होते. "देख बेटा," म्हणाले, "सारे वऱ्हाड के पास कपास, अन मेरे पास मक्खियां."

आले, रुईत हात घातला आणि "हाय अल्ला!" म्हणून बोट चोखू लागले. "ये कपास हय के सायाळ?"

अंगणात सगळे काटे वेचायला बसले. थोड्या वेळानं बाबाही येऊन बसले. मान खाली घालून, रुईतून एकेक काटा काढत राहिले. अंगठा दिलेला तोच हात. अक्कानं त्यांच्या पुढं आणखी एक ढीग सरकवला.

मग पिंजण वाजलं. टणन् टणन्, टणन् टणन्! किती दिवसांनी तो आवाज गल्लीनं ऐकला! शेजारपाजारचे नुसते ऐकायला येऊन उभे राहिले. मूठभर रुई फुलून टोपलीभर झाली, टोपलीभर रुईनं कोपरा भरला. चाचांच्या भिवया पांढऱ्या, मायचे केस पांढरे. मी शिंकलो, तर अर्धी दुलई उडाली म्हणून मला अंगणाबाहेर काढण्यात आलं.

मायला एकच खंत. "पाच शेताईचा नाई ना हा," ती पुटपुटली. "रस्त्यावरचा हाय."

"पाच कायले?" सखूमावशी म्हणाली. "अकोटापासून जेवढी गावं हायत तेवढ्या साऱ्या गावाईच्या गाड्या घासल्या त्या बाभईले. कोन्या शेताचा नाई ह्यात, सांग बरं?" आणि तिनं दोन्ही मुठी भरून रुई अभ्र्यात टाकली, आणि इतके दिवस अडलेलं वाक्य म्हटलं. "लेकरू उबीत राहो." मग एकेक करत सगळ्या जणी आल्या आणि म्हणून गेल्या.

पौषात मुलगी झाली. ओरडली ती पार पारापर्यंत ऐकू गेलं. सगळं सुखरूप. पण घरात कोणी मोठ्यांदा हसलं नाही. पहिलं लेकरूही सुखरूपच झालं होतं. आम्ही दिवस ढकलत होतो. मला अमरावतीहून निरोपांवर निरोप येत होते, मी जात नव्हतो. त्या पौषात असं गारठलं की विहिरीवरचा दोर सकाळी काठीसारखा ताठ व्हायचा. अक्का बोलायची कमी झाली. चिडवायचीही नाही. रात्रंदिवस तिचा एक हात त्या दुलईवर.

महिना सरला त्या सकाळी सगळ्यात जास्त थंडी होती. मी शेगडीत निखारे घेऊन बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी गेलो, आणि आतून अक्काचा आवाज ऐकला. रागावलेला! खणखणीत!

"काय वं हे? साऱ्या गावानं काटे टोचून घेतले तुह्यासाठी, अन तू लाथा मारून राहिली? घे! घे अंगावर!"

मी डोकावलो. दुलईतून एक गुलाबी पाऊल बाहेर आलं होतं. अक्कानं ते झाकलं. पावलानं दुलई उडवली. अक्कानं पुन्हा झाकलं, यावेळी कड नीट दुमडून. पाऊल जरा वेळ शांत राहिलं, मग आतून धडपड झाली आणि दोन्ही पावलं बाहेर! अक्का माझ्याकडे पाहू लागली, आणि मग हसायला लागली, तोंडावर पदर घेऊन, गदागदा.

"बापू, इकडे ये. हात लाव."

मी शेगडी खाली ठेवली आणि हात लावला. पाऊल गरम होतं. घामेजलेलं!